रेफ्युजीला काहीच त्रास नाही, मग जंतांची कुठली टेस्ट करायची?

टेस्टचं नंतर, आधी माणसाचे कागद बघा. अमेरिकेला जाणाऱ्या बऱ्याच रेफ्युजींना १९९९ पासून विमानात बसायच्या आधीच जंतांची गोळी अल्बेंडाझोल देतात, पुढे काही भागातल्यांना आयव्हरमेक्टिन आणि आफ्रिकेतल्यांना प्राझिक्वांटेल या जंतांवरच्याच दुसऱ्या गोळ्या पण द्यायला लागले. कुठली गोळी मिळाली हे माहीत नसेल तर रिपोर्ट हातात येऊनही अर्थ लागत नाही.

स्टूल टेस्ट करायची तर वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने घ्या, जंत काही रोज सारखी अंडी टाकत नाहीत. गोल जंत, हुकवर्म, व्हिपवर्म याच्यात सापडतात. पण गंमत बघा, अल्बेंडाझोल खाऊन आलेल्यात नेमके हेच कमी झालेले असतात, म्हणजे टेस्टला जे नीट दिसतं ते आधीच गेलेलं आणि जे उरलंय ते तिला धड दिसत नाही. उरतात दोघं, स्ट्राँगिलॉइडिस (आतड्यात राहणारा बारीक जंत) आणि शिस्टोसोमा (रक्तवाहिन्यांत राहणारा चपटा जंत).

स्ट्राँगिलॉइडिसला हलक्यात घेऊ नका. याच्या अळ्या आतड्यातूनच परत अंगात शिरतात त्यामुळे हा बाबा काही लक्षणं न देता कित्येक दशकं बसून राहतो, आणि मग कधीतरी दम्यासाठी नाहीतर आणखी कशासाठी स्टेरॉइड सुरू झालं की जिवावर बेततं. अळ्या इतक्या थोड्या पडतात की एका नमुन्यात मायक्रोस्कोपखाली सापडण्यापेक्षा हुकण्याचीच शक्यता जास्त, म्हणून इथे रक्तातली अँटीबॉडी टेस्टच करा. लॅबमध्ये अगार प्लेट कल्चर (नमुना जेलीच्या थाळीवर ठेवून अळ्या सरपटतात का बघायचं) होत असेल तर उत्तमच, फक्त नमुना ताजा द्या, फ्रिजमधला नको. काटो-काट्झ ही स्टूलच्या स्लाइडवर अंडी मोजायची पद्धत (४१.७ मिलिग्रॅम नमुना, अंडी मोजायची आणि २४ ने गुणायची, म्हणजे एका ग्रॅममधली अंडी कळतात) सर्व्हेसाठी झकास आहे पण यात या अळ्या दिसत नाहीत, आणि स्लाइड ठेवून चहाला गेलात तर हुकवर्मची अंडीही विरघळल्यासारखी गायब होतात.

शिस्टोसोमा मुख्यतः सहाराच्या खालच्या आफ्रिकेतून आलेल्यांमध्ये बघायचा. सुदानच्या 'लॉस्ट बॉइज'ची (यादवीत घरदार सुटलेली मुलं) अमेरिकेत आल्यावर तपासणी झाली तेव्हा ४० टक्क्यांहून जास्त जणांच्या रक्तात याच्या अँटीबॉडी मिळाल्या होत्या. (आपल्याकडे हा नसतोच असं नाही हं, १९५२ मध्ये रत्नागिरीतल्या गिमवी गावात सापडला होता.) अडचण एकच, औषध घेऊनही अँटीबॉडी वर्षानुवर्षं राहतात, तेव्हा पॉझिटिव्ह म्हणजे 'कधीतरी झालं होतं' एवढंच. आत्ता जिवंत आहे का हे लघवीच्या सीसीए पट्टीवर (जंताने सोडलेला पदार्थ ओळखणारी पट्टी) कळतं, पण ती मॅन्सोनी या आतड्याच्या जातीसाठी, हीमॅटोबियम या मूत्राशयाच्या जातीसाठी लघवीतली अंडीच शोधायची आणि नमुना सकाळी १० ते दुपारी २ मध्ये घ्यायचा.

रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी (जंत असले की बऱ्याचदा वाढतात) मायक्रोलिटरला ५०० च्या वर असतील तर शोध चालू ठेवा, नॉर्मल असले तरी जंत नाहीत असं समजू नका, स्वस्त टेस्ट आहे, तिच्याकडून तेवढीच अपेक्षा.

आणि माणूस कॅमेरून, काँगो अशा लोआ लोआच्या (कातडीखाली आणि डोळ्यात फिरणारा जंत) भागातला असेल तर आयव्हरमेक्टिन देण्याआधी दिवसाच, १० ते २ मध्ये, रक्त घेऊन स्मिअर (काचेवर पसरलेला थेंब) मायक्रोस्कोपखाली बघा. या जंताच्या अळ्या रक्तात खूप असताना ती गोळी दिली तर मेंदूवर परिणाम होऊन माणूस कोमात जाऊ शकतो.