रविवारची वाट न पाहण्याची रीत

मुलगा-सून हिंजवडीला राहायला गेले की पेठेतल्या आईने आधी कुकर बदलावा. मनाचं नंतर बघू. पाच लिटरचा माळ्यावर टाका, दोनचा ओट्यावर ठेवा. मोठ्या कुकरात भात उरतो आणि उरलेल्या भाताबरोबर ‘आले असते तर’ सुरू होतं. मंडईतही तेच. १८८६ सालच्या त्या इमारतीत शिरलं की हात सवयीने दोन किलो मटारांकडे जातो. अर्धाच घ्या. भाजीवाली ओळखीची असेल तर विचारेलच; सांगून टाका.

मनातलं बोला, पण विचारल्यासारखं: ‘रविवारी जेवायला येताय का? शनिवारी सकाळपर्यंत कळवा.’ ‘नाही’ आलं तर पुरण शिजवायचं नाही आणि टोमणाही मारायचा नाही. (आमच्या सदाशिव पेठेत हे दुसरं महाकठीण.)

मोकळ्या रविवारी घरात थांबू नका, सारखी नजर फोनकडे जाते. मी पर्वती चढते. पायऱ्या १०३, निम्म्यातच असा दम लागतो की मुलगा आठवत नाही. तिथून पेटीच्या क्लासला. साठीनंतर बोटं वळत नाहीत, असं ह्यांचं मत. भूपाचा आरोह तरी आता न अडखळता वाजतो.