बीपीची गोळी सुरू झाली आणि खोकला लागला?

कोरडा, घशात खवखवणारा खोकला कफ सिरपच्या दोन बाटल्या संपवूनही हटत नसेल, तर बीपीच्या गोळीच्या पट्टीवरचं नाव वाचा. शेवटी ‘प्रिल’ असेल (रामिप्रिल, एनालाप्रिल), तर संशय गोळीवरच घ्यावा. डॉक्टर बहुधा ‘सार्टन’ गटातली (नावाच्या शेवटी ‘सार्टन’ असलेली) गोळी बदलून देतात. खोकला मात्र लगेच थांबत नाही, १ ते ४ आठवडे सहज जातात. ओठ किंवा जीभ सुजली तर वाट न बघता थेट इस्पितळ गाठा.

अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्याच दुसऱ्या गोळीची तऱ्हा वेगळी: संध्याकाळी घोटे सुजतात, मोज्याचा वळ उमटतो. डॉक्टरांनी डोस कमी केला की सूज बरेचदा उतरते.

उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते? पलंगाच्या काठावर मिनिटभर बसून पावलं हलवा, मग उभे राहा. बसून एकदा, उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी बीपी मोजून आकडे लिहून ठेवा. नुसतं ‘चक्कर येते’ सांगण्यापेक्षा तो कागद डॉक्टरांच्या जास्त कामाचा.

गोळी आपल्या मनाने बंद करू नका. विशेषतः अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अचानक सोडल्यास धडधड वाढते, छातीतही दुखू शकतं.