रोजच्या गाडीचे ब्रेक ट्रॅकसाठी तयार करताना: आधी ऑइल, मग पॅड, डिस्क सगळ्यात शेवटी

कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवे या रेसिंग ट्रॅकवर पहिल्यांदा गाडी घेऊन गेलो तेव्हा चौथ्या लॅपला पायडल खालीच गेलं. आधीचे तीन लॅप जिथे पाय अडत होता तिथे अडलाच नाही, दोनतीनदा पटापट पंप केल्यावर कुठे ब्रेक लागला, तोवर गाडी ट्रॅक सोडून बाहेर. पुण्यात रोज ऑफिसला नेतो तीच स्विफ्ट, सर्व्हिसिंग वेळेवर, पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन बाजूंनी दाबून धरणाऱ्या पट्ट्या) अर्ध्याहून जास्त शिल्लक. तरी असं का, तर ब्रेक ऑइल उकळलं होतं.

ब्रेकचं काम म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणं, आणि ही उष्णता वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे १०० वरून थांबायला जेवढी तयार होते त्याच्या जवळजवळ दुप्पट १४० वरून थांबताना होते. सिटीत दोन ब्रेकच्या मध्ये डिस्कला गार व्हायला वेळ मिळतो, ट्रॅकवर पुढचं वळण लगेच येतं.

म्हणून खर्च करायच्या आधी आपलं नेमकं काय कमी पडतंय ते पायाने ओळखायला शिका. पायडल मऊ पडून खाली जात असेल तर ऑइल उकळून लाइनमध्ये वाफ झालीय, आणि वाफ दाबली जाते म्हणून जोर चाकापर्यंत पोचत नाही. पायडल दगडासारखं कडक आहे, तुम्ही जीव खाऊन दाबताय, जळका वास येतोय आणि गाडी थांबत नाहीये, तर पॅड तापून त्यांची पकड गेलीय. दोन्हीची औषधं वेगळी.

सुरुवात ऑइलपासून करा, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक इथेच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी मुरलं की लवकर उकळतं. डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत, डब्यावर लिहिलेली असते. उकळण्यासाठी डॉट ३ चं मानक नव्या ऑइलला किमान २०५ अंश सेल्सिअस आणि पाणी मुरलेल्याला १४०, डॉट ४ चं २३० आणि १५५. मोतुल आरबीएफ ६०० सारखं रेसिंगचं डॉट ४ नवं असताना ३१२ ला उकळतं. मी तेच टाकतो, पण ते वरचेवर बदलावं लागतं, दोन वर्षं विसरून जायचं ऑइल नाही ते. आणि नाव सारखं दिसतं म्हणून डॉट ५ घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं, यात मिसळायचं नाही.

बदलायला दोन माणसं लागतात. मी धाकट्या भावाला पायडलवर बसवतो. चाकाच्या ब्रेकवर ऑइल काढायचा छोटा पोकळ स्क्रू असतो, तो निपल. त्याला पारदर्शक नळी लावायची, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवायचं. "दाब, धरून ठेव" म्हणायचं, निपल पाव आटा सैल करायचा, ऑइल आलं की आवळायचा, आणि मगच "सोड". हा क्रम चुकला, निपल उघडा असताना त्याने पाय उचलला, की हवा आत. आमचं जुनं ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट निघालं, मग हळूहळू नळीत स्वच्छ रंग यायला लागला आणि बुडबुडे थांबले. कुठलं चाक आधी ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. वरची टाकी एकदाही रिकामी होऊ द्यायची नाही, एबीएसच्या (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा गेली तर ती काढायला बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लागतो. आणि ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, रंग खातं ते.

मग पॅड. इथे मोह आवरा. पूर्ण रेसचे पॅड गरम झाल्याशिवाय नीट पकडत नाहीत, आणि सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर पहिल्याच ब्रेकला समोर शाळेची पोरं असतात हो. रोजची गाडी असेल तर रस्ता आणि ट्रॅक दोन्हीसाठी बनवलेले पॅड घ्या, थोडा आवाज करतील, अलॉय काळे करतील, ते चालवून घ्या. बसवताना कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना काढून साफ करा आणि ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं. पिन अडकली असेल तर एकच पॅड झिजतो आणि महागडे पॅड वाया जातात, हे मी दोन गाड्यांत बघितलंय. मागे डिस्कऐवजी ड्रम असतील तर लायनर (पॅडसारखंच ड्रमला आतून घासणारं अस्तर) आणि सेटिंग बघून घ्या.

नवे पॅड बसवून थेट ट्रॅकवर जायचं नाही. पहाटे रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, ८० वरून २० पर्यंत चांगला जोरात ब्रेक, एबीएस लागू न देता, असं आठदहा वेळा, मध्ये पूर्ण थांबायचं नाही, आणि मग दहा मिनिटं ब्रेक जवळजवळ न वापरता फिरायचं म्हणजे सगळं गार होतं. पॅडच्या कंपनीने वेगळी पद्धत दिली असेल तर तीच धरा.

मोठ्या डिस्कचं किट शेवटी. ते चाकात मावायला पाहिजे, पुढचे ब्रेक जास्त पकडायला लागले की पुढे-मागे तोल बदलतो, आणि शेवटी गाडी टायरच थांबवतो, टायर साधे असतील तर किट घेऊन थांबायचं अंतर फारसं कमी होत नाही. साध्या, भोकं नसलेल्या डिस्क चांगल्या कंपनीच्या घ्या, भोकं पाडलेल्या दिसायला छान पण ट्रॅकच्या उष्णतेत भोकांपासून चिरा जायची भीती. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, त्याखाली गेली की फेकायची.

ट्रॅकवर शेवटचा लॅप ब्रेक न वापरता हळू मारा, आणि पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात तिथे) आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये टाकून चाकाखाली दगड लावा. इन्शुरन्सची पॉलिसी पण वाचा, रेसिंगमधलं नुकसान त्यात साधारणपणे धरत नाहीत. आणि परतीचं हजाराच्या वरचं अंतर त्याच ब्रेकवर कापायचं असतं, तेव्हा निघायच्या आधी चाकाच्या फटीतून टॉर्चने पॅड बघा, आणि पायडल जरा जरी मऊ वाटलं तर तिथेच पुन्हा हवा काढा. मी पाना, नळी आणि ऑइलचा एक सीलबंद डबा डिकीत ठेवूनच जातो.