फॉरवर्डमधलं वचन खरं कुणाचं? माग काढायची रीत

थोरामोठ्यांच्या नावावर खपवलेली वचनं दोन प्रकारची. काहींना पत्ता असतो: अमुक तारीख, अमुक सभा, अमुक भाषण. काही बिनपत्त्याची, खाली नुसतं नाव आणि फोटो. पत्ता दिसला की आपण चटकन विश्वास ठेवतो. शोधणाऱ्याच्या दृष्टीने मात्र अशी वचनं सोपी, कारण तपासायला काहीतरी हाती लागतं. म्हणून सराव यांच्यापासून करावा.

आधी तारीख धरा

हिंदुस्थानात इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार करणारा ब्रिटिश अधिकारी मेकॉले, त्याच्या नावावरचं ते प्रसिद्ध वचन तुमच्याकडेही केव्हातरी आलं असेल. 'मी भारत उभा-आडवा पालथा घातला, मला एकही भिकारी, एकही चोर दिसला नाही. या देशाचा कणा मोडायचा तर त्याची जुनी शिक्षणपद्धती बदलली पाहिजे', असा एकंदर आशय. खाली लिहिलेलं असतं: ब्रिटिश संसदेतलं भाषण, २ फेब्रुवारी १८३५.

तीन प्रश्न विचारा. त्या दिवशी माणूस कुठे होता? सभा भरली होती का? आणि त्याच तारखेचा त्याचा दुसरा काही कागद आहे का?

मेकॉले जून १८३४ मध्ये मद्रासला उतरला आणि १८३८ उजाडेपर्यंत हिंदुस्थानातच होता. त्या फेब्रुवारीत तो कलकत्त्यात गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलचा सभासद म्हणून काम करत होता. खासदारकी आधीच सोडलेली. बरं, संसदेचं काय? ती डिसेंबर १८३४ च्या अखेरीस बरखास्त झाली, जानेवारीत निवडणुका झाल्या आणि नवी संसद बसली १९ फेब्रुवारीला. म्हणजे वक्ता समुद्रापार आणि सभागृह बंद! यासाठी लंडनला जायला नको. संसदेच्या कामकाजाचा वृत्तांत, म्हणजे हॅन्सार्ड, १८०३ पासूनचा इंटरनेटवर फुकट आहे.

(फॉरवर्डमध्ये 'लॉर्ड मेकॉले' असतं आणि तो लॉर्ड झाला १८५७ मध्ये. पण एवढ्यावरून वचन खोटं ठरवू नका. मागाहून मिळालेली पदवी आपण सर्रास आधीच्या काळालाही लावतो.)

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र 'हो' असं येतं. मेकॉलेचं शिक्षणावरचं गाजलेलं टिपण याच तारखेचं, २ फेब्रुवारी १८३५ चं आहे. बनावट मजकुराला अस्सल तारीख चिकटवली की तो असा वर्षानुवर्षं चालतो.

मग मूळ कागद वाचा, पूर्ण

उतारे वाचून भागत नाही. हे टिपण तासाभरात वाचून होतं. एच. शार्प यांनी सरकारी दप्तरातले शिक्षणविषयक कागद १९२० मध्ये संपादून छापले, त्यात ते मिळेल. भिकारी आणि चोर त्यात कुठेच नाहीत. आहे ते असं: आपल्याला संस्कृत किंवा अरबी येत नाही हे मेकॉले स्वतःच सांगतो आणि तरीही चांगल्या युरोपीय ग्रंथालयातलं एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या वाङ्मयाच्या तोडीचं आहे, असं बेधडक लिहितो. रक्ताने आणि रंगाने हिंदी, पण आवडीनिवडी, मतं, नीती आणि बुद्धीने इंग्रज असा वर्ग तयार करायचा, हे वाक्यही तिथलंच.

आता सूर ताडून पाहा. ज्याच्या लेखी इथली विद्या कवडीमोल, तो तिला देशाचा कणा कशाला म्हणेल? मला विचाराल तर अस्सल टिपण बनावट वचनापेक्षा कितीतरी जास्त झोंबतं. मेकॉलेवर राग काढायचा असेल तर खरा मुद्देमाल समोर पडलेला आहे.

पत्ता नसेल तर नाव बाजूला ठेवा

'ग्राहक आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत' ही पाटी बँकेत, दुकानात गल्ल्यामागे दिसते. खाली महात्मा गांधी. काही ठिकाणी पुढे 'दक्षिण आफ्रिका, १८९०' असंही जोडलेलं असतं. गांधी दक्षिण आफ्रिकेत पोहोचले १८९३ मध्ये. १८९० साली ते लंडनमध्ये कायदा शिकत होते. झालं, पत्ता गळाला. आता पुढे?

वचनाचं इंग्रजी रूप मिळवा. त्याच्या मधल्या भागातले, सहसा एकत्र न येणारे पाच-सहा शब्द उचला, कारण सुरुवात तोंडोतोंडी लवकर बदलते. ते अवतरणचिन्हांत घालून गूगल बुक्स आणि इंटरनेट अर्काइव्ह या जुन्या छापील मजकुरात शोध घेता येणाऱ्या संकेतस्थळांवर शोधा. शोधताना गांधींचं नाव घालू नका. नाव बहुधा मागाहून चिकटतं. ते घातलंत तर जुने दाखले नेमके गाळले जातात. मग कालमर्यादा लावून वर्षं मागे नेत जा.

या वाटेने गेलं की १९४१ मधला दाखला हाती येतो: स्टुडबेकर या अमेरिकी मोटार कंपनीचे विक्रीप्रमुख केनेथ एलियट, 'प्रिंटर्स इंक' या व्यापारी नियतकालिकात. गांधींनी असं म्हटल्याचा पुरावा मात्र मिळालेला नाही.

एक धोका. गूगल बुक्स नियतकालिकांना पुष्कळदा चुकीचं वर्ष लावतं; पहिल्या अंकाचं साल सगळ्या अंकांना चिकटतं. शोधात पानाचा जो तुकडा दिसतो, तेवढ्यावर भिस्त ठेवू नका, त्या अंकाचं मुखपृष्ठ किंवा तारीख असलेलं पान डोळ्यांनी पाहा.

सांधा कुठे बदलला ते पाहा

'तुमचं म्हणणं मला पटत नाही, पण ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राणपणाने लढेन' हे फ्रेंच विचारवंत व्हॉल्तेअरचं म्हणून भाषणांत हमखास येतं. व्हॉल्तेअर वारला १७७८ मध्ये; वाक्य छापलं गेलं १९०६ मध्ये, एव्हलिन बिअट्रिस हॉल या बाईंनी एस. जी. टॅलेंटायर या टोपणनावाने लिहिलेल्या त्याच्या मित्रमंडळींवरच्या पुस्तकात. त्यांनी वाक्य अवतरणचिन्हांत घातलं आणि लगेच पुढे लिहिलं की, अशी आता त्याची भूमिका होती. वाचकांनी चिन्हं तेवढी पाहिली. शब्द आपलेच असल्याचं बाईंनी पुढे १९३९ मध्ये पत्राने कळवलं, तोवर गाडी सुटलेली होती. अवतरणचिन्ह दिसलं की त्याच्या मागचं-पुढचं वाक्य वाचायचंच.

मराठी वचनांसाठी साधनं हाताशी आहेत. तुकोबांच्या नावावरचा अभंग शंकास्पद वाटला तर गाथेतली वर्णानुक्रमाची सूची पाहा. महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय आणि बाबासाहेबांचं लेखन-भाषणं राज्य शासनाच्या प्रकाशनांत मिळतात. गांधींचे इंग्रजी समग्र वाङ्मयाचे शंभर खंड गांधी हेरिटेज पोर्टलवर आहेत.

निकाल बेताने लिहा

'हे अमक्याने म्हटलंच नाही' असं लिहू नका. ते सिद्ध करणं जवळजवळ अशक्य. 'अमुक अमुक ठिकाणी पाहिलं, तिथे आढळत नाही. सगळ्यात जुना दाखला अमुक सालचा' एवढं पुरतं. जवळचं वाक्य सापडलं तर तेही द्या. 'जगात जो बदल हवा तो स्वतः व्हा' हे या शब्दांत गांधींचं म्हणून दाखवता येत नाही. पण आपण स्वतः बदललो तर जगाची प्रवृत्तीही बदलेल, या आशयाचं त्यांचं लेखन १९१३ चं आहे. उत्तर पाठवताना ते वाक्य सालासकट जोडा, म्हणजे पुढचा माणूस फॉरवर्ड करेल ते निदान खरं असेल.