फवारणीआधी पान उलटून बघा

बेळगाव-खानापूरकडं घरामागं परडं असलं की वालाचा वेल आणि चार वांग्याची झाडं असतातच. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, दिसला की आपण पंप उचलतो. तो जरा खाली ठेवा.

आधी शेंड्याजवळची पानं उलटा. माव्याच्या गर्दीत सुसरीच्या पिलासारखी, काळी, नारिंगी ठिपक्यांची अळी फिरताना दिसेल. ती ढालकिड्याची. लाल ढालकिडा पोरंसुद्धा ओळखतात, पण त्याचीच अळी आपण कीड म्हणून चिरडतो. मी दोन वर्षं हेच केलं. दोघंही मावा खातात. केसासारख्या देठावर पांढरी अंडी दिसली तर ती क्रायसोपा या मित्रकिड्याची, पुसू नका.

वांग्यावर मात्र नीट बघा. निस्तेज तांबूस, बारीक लव असलेला, बऱ्याच ठिपक्यांचा भुंगेरा आणि त्याची पिवळी काटेरी अळी पानाची जाळी करतात. तेवढे हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

आता फुलांकडं. एका जागी हवेत तरंगणारी, दोनच पंखांची पट्टेरी माशी म्हणजे सिरफिड. ती डसत नाही, तिच्या अळ्या मावा खातात. सातेरी मधमाशी भोपळ्यावर, काकडीवर राबते. वांग्याचे पराग मात्र नळीत अडकलेले असतात, ते अंग थरथरवून पाडावे लागतात. सातेरीला ते जमत नाही. काळ्या भुंग्याला आणि निळ्या पट्ट्यांच्या माशीला जमतं.

फवारणी टाळता येत नसेल तर आधी पाण्याच्या जोरदार धारेनं मावा पाडून बघा. मग निंबोळी तेल, तेही सूर्य मावळल्यावर, लागण झालेल्या शेंड्यांवरच. भोपळ्याची फुलं सकाळी उघडतात, त्यामुळं सकाळी पंप नकोच. दोडका उलटा, त्याची फुलं संध्याकाळी उमलतात. तिथं फुलं सोडून फक्त पानांखाली मारा.

फवारायला कन्नड बोलणारा माणूस येणार असेल तर नीट सांगा: ‘हेनु’ म्हणजे ऊ किंवा मावा, ‘जेनु’ म्हणजे मध. ‘जेनुहुळ’ म्हणजे मधमाशी, ती सोडायची आहे हे स्पष्ट बोला.

उन्हाळ्यात बशीत खडे घालून त्यांची डोकी वर राहतील एवढंच पाणी ठेवा, नाहीतर माश्या बुडतात. कोथिंबिरीची दोन रोपं उपटू नका, फुलू द्या. मांडवाच्या जुन्या बांबूला भोकं पडली असतील तर बुजवू नका, काळा भुंगा तिथंच राहतो.