एएलएसच्या उंदरांवर काम करायला येताय? मग हे आधी वाचा

एमएससी करून मी न्यूरो लॅबमध्ये प्रोजेक्टला लागले तेव्हा नॉकआऊट आणि ट्रान्सजेनिक हे दोन शब्द मला परीक्षेपुरते पाठ होते. नॉकआऊट म्हणजे उंदराचं एखादं जीन बंद पाडायचं, ट्रान्सजेनिक म्हणजे बाहेरचं जीन आत घालायचं, झालं. त्यावर माणसाचा आजार उंदरात कसा "येतो" आणि किती येतो हे मला प्रत्यक्ष केजसमोर उभं राहिल्यावर कळायला लागलं. दरवर्षी नवीन मुलं येतात आणि तेच तेच विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय.

आमच्याकडे एसओडी1-जी93ए नावाचे उंदीर आहेत. एएलएस या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या मोटर न्यूरॉन पेशी मरत जातात, आधी हातापायातली ताकद जाते, मग गिळणं, मग श्वास. 1993 मध्ये काही घराण्यांत या आजाराचा संबंध एसओडी1 या जीनशी सापडला आणि लगेच 1994 ला माणसाचं तेच बिघडलेलं जीन घातलेला उंदीर तयार झाला (प्रोटीनमध्ये 93व्या जागी ग्लायसीनऐवजी अलानीन, म्हणून जी93ए). उंदराचे मागचे पाय लुळे पडायला लागले, अगदी माणसासारखे.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. एसओडी1 हे एन्झाइम पेशीतला घातक ऑक्सिजन निकामी करतं, त्यामुळे सुरुवातीला अनेकांना वाटलं की एन्झाइम कमी पडतं म्हणून पेशी मरतात. मग 1996 मध्ये हे जीनच काढून टाकलेले नॉकआऊट उंदीर आले आणि त्यांना एएलएससारखा लकवा झालाच नाही! म्हणजे काम बंद पडणं हा प्रॉब्लेम नव्हता, बिघडलेलं प्रोटीनच विषारी होतं. दोन वेगळ्या प्रकारचे उंदीर शेजारी ठेवल्याशिवाय हे इतकं स्वच्छ कळलं नसतं. त्याच विचारातून पुढे हे प्रोटीन बनणंच कमी करायचं औषध आलं, टोफरसेन, त्याला अमेरिकेत 2023 मध्ये मंजुरी मिळाली. म्हणून लॅबमध्ये आलात की पहिला प्रश्न हा विचारा की आपला उंदीर कसा बनवलाय, काय काढलंय की काय घातलंय, कारण त्यावरच ठरतं की तो कुठल्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो.

रोजचं काम मात्र असं थरारक नसतं, ते वहीचं काम आहे. ट्रान्सजेनिक नर आणि साधी मादी जोडीला लावायची, 19 ते 21 दिवसांत पिल्लं, 21व्या दिवसाच्या आसपास आईपासून वेगळी करायची, कानाला पंच मारून नंबर द्यायचा, तोच कानाचा तुकडा पीसीआरला (जीन आलंय का हे बघायची चाचणी). निम्म्या पिल्लांत जीन येतं, निम्म्यांत नाही. नर स्वतःच आजारी पडणार असतो, त्यामुळे सहा-आठ आठवड्यांचा झाला की लगेच ब्रीडिंगला लावा, "पुढच्या महिन्यात बघू" म्हणालात तर कॉलनी हातातून जाते. आणि नुकत्याच व्यायलेल्या मादीचा केज उगाच उघडू नका, घाबरली तर ती पिल्लं खाते, मी पहिल्याच महिन्यात एक पूर्ण लिटर (एका वेळची सगळी पिल्लं) असं घालवलंय.

आता माझी मोठी चूक. या उंदरात माणसाच्या जीनच्या बऱ्याच कॉपीज असतात, सुमारे 25, आणि पिढ्यान्‌पिढ्या ब्रीडिंग करताना मधेच एखाद्यात त्यातल्या काही गळतात. कॉपीज कमी म्हणजे आजार उशिरा. साध्या पीसीआरच्या जेलवर हे दिसत नाही हो, बँड (जेलवरची पट्टी) तसाच झळकतो, जीन आहे की नाही एवढंच कळतं. मी एका औषधाची ट्रायल करत होते आणि औषध दिलेल्या ग्रुपमधले काही उंदीर इतरांपेक्षा बरेच जास्त जगले. मला रात्री झोप येईना, घरी फोन करून सांगितलं पण. आमच्या ॲनिमल हाऊसमधले काका तेव्हाच म्हणाले होते, "ताई, ही सगळी एकाच नराची पिल्लं आहेत बघा, ती पहिल्यापासून जरा तरतरीत आहेत." मी लक्ष दिलं नाही. नंतर क्यूपीसीआरने कॉपीज मोजल्या तर त्या नराच्याच कमी, आणि मी ग्रुप पाडताना केजच्या केज उचलून टाकले होते त्यामुळे त्याची जवळजवळ सगळी पिल्लं औषधाच्या बाजूला. पाच महिन्यांचं काम, आणि त्याहून वाईट म्हणजे तेवढे जीव, फुकट गेले. ते अजून सलतं.

तेव्हापासून प्रत्येक ब्रीडर नराच्या कॉपीज मोजल्याशिवाय त्याला जोडी नाही. एकाच लिटरमधली भावंडं दोन्ही ग्रुपमध्ये वाटायची. नर-मादी वेगळे मोजायचे, कारण नरांत आजार जरा आधी सुरू होतो. स्ट्रेनचं (उंदराच्या वाणाचं) पूर्ण नाव लिहायचं, नुसतं जी93ए नाही, कारण बी6एसजेएल या मिश्र बॅकग्राउंडवर हे उंदीर साधारण 130 दिवस जगतात आणि तेच जीन सी57ब्लॅक6 वर असेल तर अंदाजे चार आठवडे जास्त. आणि आजार किती वाढलाय याचा स्कोअर जो देतो त्याला कुठला उंदीर कुठल्या ग्रुपचा हे माहीत नसलंच पाहिजे. 2008 मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, त्यात या उंदरावर आधी "चाललेली" बरीच औषधं नीट काळजी घेऊन परत तपासली तर परिणाम दिसलाच नाही. तो पेपर मी चूक करायच्या आधी वाचला असता तर!

हे फक्त लॅबपुरतं राहत नाही म्हणून एवढं जीव तोडून सांगतेय. मिनोसायक्लिन नावाचं औषध उंदरात चांगलं दिसलं होतं, मग 400 हून जास्त पेशंट्सवर ट्रायल झाली आणि 2007 ला निकाल आला की ज्यांनी ते घेतलं त्यांची तब्येत प्लासिबोवाल्यांपेक्षा (ज्यांना औषध नसलेली नुसती गोळी दिली होती त्यांच्यापेक्षा) लवकर ढासळली. त्या केजच्या पलीकडे खरी माणसं असतात. शिवाय एएलएसच्या सगळ्या पेशंट्समध्ये एसओडी1 बिघडलेले जेमतेम 2 टक्के, बाकी बहुतेकांच्या पेशींत टीडीपी-43 नावाच्या दुसऱ्याच प्रोटीनच्या गाठी असतात. त्यामुळे घरी कोणी विचारलं तर मी "एएलएसवर काम करते" म्हणते, पण पेपरात "एसओडी1च्या एएलएसवर" असंच लिहिते.

शेवटचे आठवडे जड जातात, हे कोणी आधी सांगत नाही. पाय गेले की उंदराला वरच्या जाळीतलं खाणं मिळत नाही, तेव्हा खाली भिजवलेलं खाणं आणि जेल ठेवायचं, पाण्याची लांब नळीची बाटली लावायची, रोज बघायचं, रविवारी पण. आडवा ठेवल्यावर 30 सेकंदांत उठता आलं नाही तर तो त्याचा शेवट, तिथेच थांबून त्याला शांतपणे मरण द्यायचं, "अजून एक दिवसाचा डेटा" म्हणून ताणायचं नाही. जीन न आलेली जास्तीची पिल्लं पण ठेवता येत नाहीत, त्यांचाही हिशोब द्यावा लागतो. म्हणून संस्थेच्या एथिक्स कमिटीला फॉर्म बी (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) भरताना आकडा अंदाजे टाकू नका, किती ट्रान्सजेनिक हवेत, त्यासाठी किती जन्मतील, त्यातले नर किती मादी किती, सगळं मांडा. मंजुरीला वेळ लागतो, त्यामुळे जॉईन झाल्याच्या आठवड्यातच कच्चा मसुदा करायला घ्या.

अजून एक, उंदरांची ॲलर्जी खरंच होते, मास्क आणि ग्लोव्हज पहिल्या दिवसापासून घाला, शिंका सुरू झाल्यावर नाही.

आणि इंटरव्ह्यूला जाल तेव्हा पब्लिकेशन्स तर विचाराच, पण कॉलनीची वही बघायला मागा. कॉपीज शेवटच्या कधी मोजल्या ते त्यात लिहिलेलं असेल तर बिनधास्त जॉईन व्हा.