प्रेसचा दांडा ओढण्याआधी

शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जायचं असेल, तर शुक्रवारी रात्री दमून आल्यावर काडतुसं भरायला बसू नका. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी घरी काडतुसं पुन्हा भरणं, म्हणजे झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पितळी कवचात (केसमध्ये) दांड्याच्या प्रेसवर नवा प्रायमर (ठिणगी देणारी टोपी), पावडर (बारूद) आणि बुलेट बसवणं, हा जुना छंद आहे. आता आपल्यातलेही काहीजण त्यात पडलेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. भारतात गावी निघताना रेंजवर नेलेली बॅग सामानाला वापरत असाल तर तिचा कप्पा न् कप्पा झटकून बघा. विसरून राहिलेल्या एका काडतुसापायी विमानतळावर गुन्हा दाखल होतो.

टेबलावर पावडरचा एकच डबा असू द्या, तोही मूळ लेबलाचा. उरलेली पावडर दुसऱ्या डब्यात ओतायची नाही. वजनकाटा आधी चालू करून थोडा वेळ तसाच राहू द्या, पंखा बंद करा आणि प्रमाणित वजन ठेवून काटा तपासा. पावडर ग्रेनमध्ये मोजतात; एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम, त्यामुळे वाऱ्याच्या झुळकीनेही आकडा हलतो.

मग पितळी केस. प्रत्येक केसच्या आत डोकावून बघा. मधोमध एकच भोक असेल तर ती बॉक्सर पद्धतीची; दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन, ती बाजूला काढा, नाहीतर डायमधली (केस पुन्हा मापात दाबणाऱ्या साच्यातली) पिन तुटते. रायफलच्या केसला बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसलं, तर टोक वाकवलेली तार आतून फिरवा. तार खाचेत अडकली की ती केस भंगारात. .३०८ विंचेस्टरच्या केसची लांबी २.०१५ इंचांपुढे गेली असेल तर कापून घ्या. वंगण अजिबात नसेल तर केस डायमध्ये रुतते, जास्त झालं तर केसच्या खांद्यावर, म्हणजे ती निमुळती होते तिथे, पोचे पडतात. रुतलेल्या केसशी झटापट करू नका, ती काढायचं अवजार मिळतं.

प्रायमर बसवल्यावर बुडावरून बोट फिरवा. तो पृष्ठभागापेक्षा किंचित आत लागायला हवा. पहिल्या फटक्याला काडतूस उडालं नाही आणि दुसऱ्याला उडालं, तर बहुतेक वेळा प्रायमर वर राहिलेला असतो. भरलेल्या काडतुसाचा प्रायमर पुन्हा आत दाबू नका. ते काडतूस उघडायचंच.

मला सगळ्यात जास्त धास्ती पावडर भरण्याची वाटते. .३८ स्पेशल ही रिव्हॉल्व्हरची गोळी १८९८ सालची, तिची केस ऐसपैस. आजची जलद जळणारी पावडर तिच्या तळाशी थोडीशीच बसते, त्यामुळे चुकून दोनदा पडली तरी बाहेर सांडत नाही. म्हणून केस लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या करा आणि बुलेट बसवण्याआधी टॉर्च मारून सगळ्यांची पातळी शेजारीशेजारी बघा. नवशिक्याने तर दुप्पट पडली की ओसंडेल अशीच पावडर निवडावी. मध्येच फोन आला, मुलाने हाक मारली, तर हातातल्या केसमधली पावडर परत ओता.

पावडर पडलीच नाही, तर प्रायमरच्या जोरावर बुलेट नळीत शिरून अडकते. माझ्या शेजारच्या लेनमध्ये एकदा तसा आवाज झाला होता: फुसका, आणि हाताला धक्काच नाही. तो पुढचा चाप ओढणार एवढ्यात मी ‘थांब!’ म्हणून ओरडलो. नळीत बुलेट अडकलेलीच होती. त्या दिवसापासून वेगळा आवाज आला की मी नळी तपासल्याशिवाय पुढे जात नाही. चाप ओढूनही काहीच झालं नाही, तर नळी लक्ष्याकडेच धरून किमान ३० सेकंद थांबा. बार उशिराही होऊ शकतो.

चपटे झालेले प्रायमर आणि उघडायला जड जाणारा रायफलचा बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) ही दाब वाढल्याची खूण समजा. छापील पुस्तकातल्या सुरुवातीच्या मापावर परत या. तयार काडतूस बसतं का ते घरी बंदुकीत घालून बघू नका, त्यासाठी गेज (मापाचा साचा) वापरा.

शेवटी हात गार पाण्याने आणि साबणाने धुवा; पितळ घासण्याच्या यंत्रातल्या धुळीत शिसं असतं, ते यंत्र मुलांपासून लांब ठेवा. तयार काडतुसांच्या ५० च्या प्रत्येक डब्यावर पावडर, वजन, बुलेट आणि तारीख लिहा. मग एका काडतुसात खोट निघाली, तर त्याच दिवशीची बाकीची ४९ कुठली ते कळतं आणि चष्मा लावून, बुलेट उपसायच्या हातोडीसारख्या पुलरने ती एकेक करून उघडता येतात.